अकरावा शब्द

कारखाना कपडे धुण्याची यंत्रं बनवायचा. घरातली छोटी नव्हे. इस्पितळं, हॉटेलं, वसतिगृहं यांची धुणी जिथे ढिगानं येऊन पडतात तिथली, माणूस वाकून आत शिरेल एवढ्या पिंपाची. या यंत्रांना काय करायचं ते सांगण्यासाठी कारखान्यानं स्वतःची एक भाषा तयार केली होती. कागदोपत्री तिचं नाव चार अक्षरं आणि एक आकडा असं काहीतरी होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे तिला सोपी म्हणायचे.

सोपी दोन साडूंनी केली. कामाला सुरुवात झाली तेव्हा ते साडू नव्हते, नुसते शेजारच्या टेबलांवरचे सहकारी होते. थोरल्याचं लग्न झालेलं होतं. धाकटा एकटाच राहायचा, म्हणून थोरला त्याला अधूनमधून घरी जेवायला न्यायचा. तिथे थोरल्याच्या मेहुणीची आणि त्याची गाठ पडली, आणि भाषा तयार व्हायच्या आत लग्न उरकलंसुद्धा. त्या वर्षी कारखान्यात एवढी एकच गोष्ट वेळेवर पुरी झाली, असं थोरला पुढे कित्येक वर्षं सांगायचा.

थोरल्याची बायको आधी शाळेत शिकवायची. पहिली यंत्रं विकली गेली तेव्हा ती चालवणाऱ्यांना सोपी शिकवायला कुणीतरी हवं होतं. नवरा म्हणाला, “तुला सवय आहे, तूच शिकव.” ती हो म्हणाली आणि तिथेच राहिली. कारखान्यात आणि कारखान्याबाहेर धुलाईघरांत तिला सगळे बाईच म्हणत.

सोपीत दहा शब्द होते. भर, तापव, घुसळ, सोड, पीळ, असे. थोरला गिऱ्हाइकासमोर दोन्ही हात पसरून धरायचा आणि म्हणायचा, “जेवढी बोटं तेवढे शब्द. याहून जास्त लागले तर यंत्र परत घेऊन जातो.” ही बढाई नव्हती. दुसऱ्या कारखान्यांची यंत्रं आली की त्यांच्याबरोबर उशीएवढं पुस्तक यायचं आणि ते कळायला इंजिनिअर बोलवावा लागायचा. सोपीत मात्र ज्यानं जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नाही तो सकाळी वर्गात बसायचा आणि संध्याकाळी आपल्या हातानं चादरींचा कार्यक्रम लिहून घरी जायचा. शिवाय काही चुकलं तर यंत्र आकडे फेकून मारायचं नाही. ‘दार उघडं आहे, पाणी भरता येणार नाही’ असं सरळ वाक्य पडद्यावर यायचं. ती वाक्यं धाकट्यानं एकेक करून लिहिली होती आणि प्रत्येक वाक्य आपल्या बायकोला वाचून दाखवलं होतं. तिला कळलं नाही तर तो ते खोडायचा.

आता सोपीतली खोट. तीही तिच्या सोपेपणातूनच आलेली होती. जे सांगितलं नाही ते मागचंच, असा थोरल्यानं नियम केला होता. साठ अंशांवर तापव असं एकदा सांगितलं की पुढच्या पाण्यालाही साठच. दर वेळी लिहायला नको. एका खेपेपुरतं हे झकासच होतं. पण नियम खेपेपाशी थांबत नव्हता. पहिली खेप संपली, कपडे काढले, दुसरे भरले, दुसरा कार्यक्रम लावला, तरी त्यात तापमान लिहिलेलं नसेल तर यंत्र मागच्याच तापमानावर चालायचं.

धाकट्याला हे सुरुवातीपासून खटकलं होतं. “एक खेप संपली की पाटी कोरी व्हायला हवी,” तो म्हणाला होता.

“पाणी तापलेलं असतं, नळ्या तापलेल्या असतात. ते सगळं फुकट घालवायचं?” थोरला म्हणाला. “आणि माणसानं तेच तेच किती वेळा सांगायचं? मी तुला रोज माझं नाव सांगतो का?”

“मला नाही सांगत. पण नव्या माणसाला सांगतोस ना? दुसरी खेप म्हणजे नवा माणूस. ज्याला मागचं हवंय त्यानं तसं लिहावं. त्यासाठी एक शब्द ठेवू.”

“म्हणजे अकरा शब्द.”

“अकरा.”

मालकांनी थोरल्याच्या बाजूनं कौल दिला. दहा बोटांची गोष्ट त्यांनाही आवडली होती. त्यानंतर दोघा साडूंचं भांडण झालं असं नाही, पण बोलणं जपून व्हायला लागलं. सणासुदीला किंवा वाढदिवसाला दोन्ही घरं एकत्र जेवायला बसली आणि विषय तिकडे वळू लागला की दोघी बहिणींपैकी एक कुणीतरी वाढायला उठायची. पुढे त्या दोघांनाही ते कळलं आणि विषय निघेनासा झाला.

बाईंना मात्र तो टाळता येत नव्हता, कारण त्यांच्यासमोर रोज नवी माणसं बसत. पुस्तकाच्या पहिल्या पानावर याची सूचना छापू या, असं त्यांनी नवऱ्याला सुचवलं होतं. “पहिल्याच पानावर ताकीद दिसली की गिऱ्हाईक बिचकतं,” असं म्हणून त्यानं ते उडवून लावलं. बाईंनी वाद घातला नाही. पुस्तकात नाही तर नाही, वर्गात सांगू, असं त्यांनी ठरवलं. चादरींची एक गरम खेप झाली की त्या यंत्रात एक लोकरी मोजा टाकायच्या, तापमान न लिहिता कार्यक्रम लावायच्या, आणि बाहेर निघालेला मोजा वर्गात फिरवायच्या. तो बाहुलीलाही घट्ट बसला असता. बाईंना मग फळ्यावर काही लिहावं लागत नसे. मोजा हातात घेतलेला माणूस तापमान लिहायला पुन्हा विसरत नसे.

थोरला वर्गात कधी आला नाही. त्याला तशी गरज वाटली नाही. बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यानंच सांगितलं, की सोपीला आता वर्गाची गरज नाही, पुस्तक पुरे. ज्या भाषेला शिकवणारा लागत नाही ती खरी भाषा, असं तो निरोपाच्या भाषणातही म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या.

त्यानंतर तक्रारी यायला लागल्या. सुरुवातीला किरकोळ, रंग उतरले, पडदे आखडले. मग एका धुलाईघरातून वृद्धाश्रमाच्या लोकरी ब्लँकेटांची तक्रार आली. अख्खी खेप आटून नमद्यासारखी जाड आणि घट्ट झाली होती. आता कारखाना मालकांची लेक बघत होती. नवं यंत्र निघायचं होतं आणि त्याच्याबरोबर सोपीही नव्यानं लिहायची होती, त्यामुळे तिनं ही तक्रार बाजूला सारली नाही. तिनं थोरल्याला सांगितलं, “काका, तुम्ही दोघं साडू एकदा जाऊन बघून या.”

“चूक चालवणाऱ्याची आहे,” थोरला म्हणाला. “चूक बघायला तिथवर कशाला जायचं?”

“मग काकूंना पाठवते. लोक कसं लिहितात ते त्यांना माहीत आहे.”

म्हणून बाई आणि धाकटा साडू गेले. धुलाईघर एका जुन्या गोदामात होतं. आत वाफ, ओल्या कापडाचा वास, आणि चाकांच्या टोपल्यांचा खडखडाट. व्यवस्थापकानं एक ब्लँकेट टेबलावर आणून ठेवलं. ते एका माणसावर पांघरता आलं नसतं, गुडघ्यांवर कसंबसं पुरलं असतं. ज्यानं ती खेप लावली होती तो माणूस दूर घड्यांच्या टेबलाशी उशांचे अभ्रे दुमडत होता. एवढा उंच, की टेबल त्याला मांड्यांशी येत होतं आणि तो सारखा पाठ सरळ करत होता. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत त्याला यंत्राला हात लावू द्यायचा नाही, असं ठरलं होतं. निकाल त्याच्या विरुद्ध गेला तर अभ्र्यांवरूनही काढतील, हे व्यवस्थापकानं त्याच्यासमोरच सांगितलं.

बाईंनी पडद्यावर त्याचा कार्यक्रम उघडला. नीटनेटका होता. भर, साबण, घुसळ हळू, सोड, पीळ हळू.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“हो. पुस्तक बघून.”

“तापमान नाही लिहिलंत.”

“ब्लँकेटं गार पाण्यात धुवायची असतात,” उंच माणूस म्हणाला. “तापवायचंच नव्हतं. मग तापव कशाला लिहू?”

बाईंनी मागची नोंद उघडली. त्याआधीची खेप इस्पितळाच्या चादरींची होती, नव्वद अंशांची. धाकट्या साडूनं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. “मीही असंच लिहिलं असतं,” तो म्हणाला.

“मग हे मला कुठून कळायला हवं होतं?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. वाट चुकलेला माणूस पत्ता विचारतो तसं त्यानं विचारलं. माझ्या वर्गातून, असं बाईंच्या जिभेवर आलं होतं. पण तो वर्ग आता नव्हता, आणि नसलेल्या वर्गाचा पत्ता त्याला देऊन काय उपयोग, म्हणून त्यांनी त्याचा कार्यक्रम कागदावर उतरवून घेतला.

परतताना धाकटा गाडी चालवत होता.

“ताई, एक विचारू?” तो म्हणाला. “तुमच्या वर्गात बसलेल्या कुणाची अशी तक्रार आलीय का कधी?”

बाईंनी आठवून पाहिलं. “माझ्या कानावर तरी नाही.”

“माझ्याही नाही. मी कालच सगळ्या तक्रारी काढून बघितल्या. ज्यांच्या आल्यात ते सगळे नुसतं पुस्तक वाचून शिकलेले आहेत.” त्यानं वळण घेतलं आणि मग म्हणाला, “इतकी वर्षं साडू मला सांगतोय, की तक्रार नाही म्हणजे खोट नाही. खोट होती, ताई. तुम्ही ती झाकत होता.”

“झाकत नव्हते, भावोजी. सांगत होते.”

“तेच म्हणतोय मी. भाषेनं जे सांगायचं ते तुम्ही सांगत होता.”

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. आपण काही चुकीचं केलं असं त्यांना वाटत नव्हतं. शिकवणाऱ्यानं अडणाऱ्या जागी बोट ठेवायचं असतं, ते त्यांनी ठेवलं होतं. पण बोट उचलल्यावर काय होईल याचा विचार कुणीच केला नव्हता, त्यांनीसुद्धा, हे त्यांना आता दिसत होतं.

घरी नवरा सफरचंद कापत बसला होता. त्यांनी सांगायला सुरुवात केली. उंच माणसाचं वाक्य सांगून होईतो त्यानं ऐकलं. मग म्हणाला, “गार पाणी हवं होतं तर गार लिहायचं. इतकी वर्षं एक तक्रार नाही, आणि आता हे.”

“तेच सांगतेय. इतकी वर्षं का नाही, तर…”

“त्यानं तुझेही कान भरले वाटतं गाडीत,” तो म्हणाला, आणि फोडींची बशी घेऊन आतल्या खोलीत गेला.

बैठकीत थोरला तयारीनं आला होता. त्याचं बोलणं बाईंना नेहमीच ऐकावंसं वाटे, त्या दिवशीही वाटलं. दहाच शब्द का, हे त्यानं सांगितलं. दुसऱ्यांच्या भाषेत स्वल्पविराम राहिला तर यंत्र अडून बसतं, सोपीत विरामचिन्हंच नाहीत, हे सांगितलं. मागचंच हा नियम काढला तर काय बुडेल तेही सांगितलं. एका मोठ्या धुलाईघराच्या प्रमुखाशी तो फोनवर बोलला होता. त्यांनी सगळी पाळी या नियमावर बसवली होती. सकाळी सगळ्यात गरम खेप, मग त्याच गरम पाण्याच्या जोरावर पुढच्या. तेवढं मात्र काढू नका, आमचं इंधनाचं गणित कोलमडेल, असं त्या प्रमुखानं कळवलं होतं. यात खोटं काहीच नव्हतं. धाकट्यानंही मान हलवली.

“आणि इतक्या वर्षांत,” थोरला शेवटी म्हणाला, “नियमाबद्दल तक्रार नाही. ज्या आल्या त्या आत्ता आत्ता.”

मालकांच्या लेकीनं बाईंकडे बघितलं. “काकू, तुम्ही जाऊन आलात. तुम्हाला काय वाटतं?”

बाई म्हणाल्या, “तक्रारी आल्या नाहीत, कारण मी पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच शिकवत होते. मोजा आटवून दाखवत होते. वर्ग बंद झाला आणि तक्रारी सुरू झाल्या.”

“कसला मोजा?” थोरल्यानं विचारलं.

खोलीतल्या बाकीच्या सगळ्यांना मोजा माहीत होता. विक्री विभागाच्या माणसाला तर तो हातात धरल्याचं आठवत होतं. त्यांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. बाईंनी मोज्याची हकिकत थोडक्यात सांगितली. थोरला ऐकत राहिला. त्याचा चेहरा तसा बदलला नाही, फक्त समोरचे कागद त्यानं एकावर एक रचून सारखे केले, मग पुन्हा केले.

“तुम्ही दोघा साडूंनी मिळून ठरवा,” मालकांची लेक म्हणाली. “पण नवं यंत्र खोळंबलंय, आणि तिकडे तो माणूसही.”

घरी परतताना थोरला एवढंच बोलला, “हे मला घरी का नाही सांगितलंस?”

“सांगायला घेतलं होतं. तुम्ही उठून गेलात.”

पुढचे काही दिवस घरात आवाज फक्त भांड्यांचा होता. बाईंनी त्याला मनवायचा प्रयत्न केला नाही आणि बोलणी बंद आहेत असंही दाखवलं नाही. जेवायला हाक मारायच्या, तो यायचा. धाकट्या बहिणीचा फोन यायचा, की इकडेही तोंड फुगलेलं आहे. दोघी जरा वेळ हसायच्या आणि ठेवून द्यायच्या.

मग एका सकाळी चहा घेताना त्यानं विचारलं, “वर्गात आणखी काय काय सांगायचीस?”

“म्हणजे?”

“पुस्तकात नसलेलं.”

बाईंनी कप खाली ठेवला. पुष्कळ होतं, पण सगळं एकदम काढलं तर तो मिटून घेईल हे त्यांना ठाऊक होतं. “पीळ,” त्या म्हणाल्या. “किती वेळ ते लिहिलं नाही तर पिळतच राहतं. मी सांगायची, आकडा घातल्याशिवाय पीळ लिहूच नका.”

“ते बरोबर आहे,” तो म्हणाला. “ते तसं नको होतं. आणखी?”

“थांब हा शब्द. लोकांना वाटतं, थांब म्हटलं की यंत्र बंद होईल. ते नुसतं विसावा घेतं आणि पुढे चालू लागतं.”

“तिथे मी ऐकणार नाही.” तो खुर्चीत पुढे सरकला. “पिंपात उकळतं पाणी असताना कुणी घाबरून थांब लिहिलं आणि सगळं तसंच बंद पडलं तर? आत पाणी, दार कुलूपबंद, वाफ कोंडलेली. म्हणून विसावा. पाणी सोडल्याशिवाय त्यानं बंद व्हायचंच नाही.”

बाईंनी हे इतकी वर्षं शिकवलं होतं, पण कारण त्यांना आज कळत होतं. “हे मला कधी सांगितलं नाहीत,” त्या म्हणाल्या. “माहीत असतं तर असंच सांगितलं असतं. मी आपली, थांब म्हणजे जरा थांब, असं घोकून घ्यायची.”

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. चहा निवला, तरी दोघं बोलत बसले. काही गोष्टी त्यानं मान्य केल्या, काहींवर अडून बसला. अडला तिथे बहुतेक ठिकाणी त्याचंच बरोबर होतं. शेवटी तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला आणि मग उठून फोनपाशी गेला.

“अकरा तर अकरा,” त्यानं साडूला सांगितलं. नमस्कार नाही, काही नाही.

मग धाकट्यानं विचारलं, “शब्द कोणता?”

“मागचंच.”

“लांब आहे. ‘तेच’ ठेव.”

“तेच म्हणजे कुठलं तेच? मागचंच म्हटलं की मागचं कळतं.”

“‘मागचं’वरचं टिंब विसरतील लोक.”

“विसरले तरी चालेल असं कर. तुझी वाक्यं कशाला आहेत मग?”

असं बराच वेळ चाललं. आतल्या खोलीतून बाई ऐकत होत्या आणि पलीकडे त्यांची बहीण ऐकत होती. दोघींपैकी कुणीही वाढायला उठलं नाही. दोघी त्या साडूंना पहिल्यांदा इतक्या मोठ्या आवाजात बोलताना ऐकत होत्या, आणि तो आवाज भांडणाचा नव्हता.

नवी सोपी तशी झाली. खेप संपली की पाटी कोरी. तापमान लिहिलं नाही तर यंत्र विचारणार. मागचं हवं असेल तर मागचंच असं लिहायचं. मोठ्या धुलाईघराच्या प्रमुखानं कुरकुर केली, पण एका दुपारीत त्यांचे सगळे कार्यक्रम दुरुस्त करून झाले. ब्लँकेटांची जबाबदारी कारखान्यानं घेतली. ते पत्र थोरल्यानं स्वतः लिहिलं. चूक चालवणाऱ्याची नसून भाषेच्या रचनेची आहे, एवढंच त्यात होतं, माफीचे शब्द नव्हते. उंच माणूस पुन्हा यंत्रावर गेला.

वर्गही सुरू झाला. बाईंनी आधी नको म्हटलं, मग नवी शिकवणारी तयार होईपर्यंत या अटीवर हो म्हटलं. पहिल्या वर्गाला थोरला आला आणि मागच्या बाकावर बसला. शिकणाऱ्यांना वाटलं, हाही कुठल्या तरी धुलाईघरातून आला असावा.

दुपारी पुढच्या बाकावरच्या एका बाईनं टेबलक्लॉथांचा कार्यक्रम लिहिला. ती आधी दुसऱ्या कुठेतरी जुनी सोपी चालवून आलेली होती. यंत्रानं पडद्यावर विचारलं, ‘पाणी किती अंशांवर हवं? गार हवं असल्यास गार असं सांगा.’ तिनं गार लिहिलं. पुढची खेप लावली, यंत्रानं पुन्हा विचारलं.

“हे दर वेळी विचारत बसणार का?” ती म्हणाली. “जुनी बरी होती. निमूट चालायची.”

बाईंनी मागच्या बाकाकडे बघितलं नाही. “हो, दर वेळी विचारेल,” त्या म्हणाल्या. “कंटाळा आला तर एक शब्द आहे, तो सांगते. पण आधी चार दिवस विचारू दे.”

मागच्या बाकावर थोरल्यानं खिशातून पेन काढलं आणि ती बाई काय म्हणाली ते तळहातावर लिहून घेतलं.